प्रकाशवेगाविषयी काही प्रश्न
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात भाषण करण्याचे निमंत्रण आले तेव्हा विषयाची निवड आम्ही आपल्यावरच सोपविली होती. कार्यवाहांनी त्याप्रमाणे सभासदांकडून प्रश्नांच्या चिठ्ठ्या मागविल्या. त्यांतील बहुसंख्य प्रकाशाच्या वेगाविषयी निघाल्या, हे पाहून आम्हांस आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली. धास्तीचे कारण शेवटी सांगू.

एका बालमित्राने विचारले आहे : रेडिओच्या लहरी म्हणजे आवाजाच्याच लहरी ना? नव्हेत. आवाजाला हवा लागते आणि तो सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. रेडिओची लहर विद्युत्‌चुंबकीय. तिला माध्यम लागत नाही आणि तिचा वेग सेकंदास सुमारे तीन लाख किलोमीटर. एके काळी मुंबईच्या सभागृहातील गाणे लघुलहरींवरून येथे कोलकात्यास थेट ऐकावयास मिळे. ती लहर येथवर पोहोचण्यास सेकंदाचा सहा सहस्रांश भाग पुरे. तेवढ्या अवधीत गायकाचा आवाज सभागृहात जेमतेम दोन मीटर पुढे गेलेला असे. म्हणजे शेवटच्या रांगेतील रसिकाच्या आधी ती सम कोलकात्यातल्या मराठी घरात पोहोचे! तिकिटाचे पैसे वाचत ते निराळेच.

हा वेग मोजला कोणी, असे दुसरी चिठ्ठी विचारते. १६७६ मध्ये पॅरिस येथे रोमरने गुरूच्या आयो या उपग्रहाच्या ग्रहणांवरून प्रकाशास वाटेत वेळ लागतो हे ओळखले. पृथ्वी गुरूपासून दूर जात असता ती ग्रहणे हिशेबापेक्षा उशिरा दिसत. पुढे १८४९ मध्ये फिझोने दातेरी चाक आणि साडेआठ किलोमीटरांहून थोडा दूर ठेवलेला आरसा एवढ्या सामग्रीवर पृथ्वीवरच्या पृथ्वीवर मोजणी केली व आकडा तीन लाख तेरा हजारांच्या आसपास काढला. पण या थोर मंडळींपेक्षा आमचा जीव रमतो तो १८५६ सालच्या एका बरणीत.

ती काचेची बरणी, आतून-बाहेरून धातूचा पत्रा लावलेली, विजेचा भार साठविण्याची. वेबर आणि कोलराउश या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी तिच्यातील भार दोन रीतींनी मोजला : एकदा स्थिर भारांच्या परस्परांवरील जोरावरून, आणि एकदा तोच भार तारेतून वाहू देऊन, त्याने चुंबकाची सुई किती हलते त्यावरून. या दोन मापांचे गुणोत्तर काढले, तर ते निघते एक वेग : सेकंदास सुमारे तीन लाख दहा हजार किलोमीटर. खोलीत दिवा असेल नसेल. प्रयोगात प्रकाशाचा संबंधच नव्हता! मॅक्सवेलने विजेची व चुंबकाची समीकरणे मांडली तेव्हा त्यांतून लहरी निघाल्या, आणि त्यांचा वेग नेमका हाच. फिझोचा आकडा त्याच्या शेजारी ठेवताच, प्रकाश ही विद्युत्‌चुंबकीय लहरच असली पाहिजे, हे त्याला दिसले. १८६५ मध्ये त्याने ते सविस्तर मांडले. आंबेमोहोर भाताच्या वासावरून घर ओळखावे, तसे त्याने प्रकाशाचे कुळ ओळखले. रेडिओ, उष्णतेचे किरण, दृश्य प्रकाश, क्ष-किरण ही सारी एकाच घरची भावंडे; तरंगलांबी निरनिराळी, निर्वातातला वेग एकच.

हर्ट्‌झने १८८७-८८ मध्ये अशा लहरी प्रत्यक्ष निर्माण केल्या. आणि पुढचा अध्याय तर आपल्या या शहरातला आहे. प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बसू पाच मिलिमीटरांइतक्या आखूड लहरींवर काम करीत होते. १८९५ मध्ये येथील टाउन हॉलमध्ये, मध्ये भिंती असताही, त्यांनी या लहरींनी घंटा वाजविली आणि दारू उडविली. प्रेक्षकांना त्याचे कौतुक वाटणारच. आम्हांला अधिक कौतुक त्यांच्या साधनांचे वाटते. लहरींचे ध्रुवण करण्यास, म्हणजे त्यांची कंपने एकाच दिशेची उरविण्यास, त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाचे जाडजूड पुस्तक वापरले. ती दिशा वळविण्यास पीळ दिलेला ताग! प्रकाश जे जे करतो ते ते या लहरीही करतात, हे बंगालच्या तागाने दाखवून दिले.

वेग अफाट असला तरी तो अनंत नाही, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांनी कानांनी अनुभवले आहे. पुणे जिल्ह्यात आर्वी येथे १९७१ मध्ये उपग्रह-केंद्र सुरू झाले. परदेशी गेलेल्या मुलाशी उपग्रहामार्गे बोलताना आवाज सुमारे छत्तीस हजार किलोमीटर वर जाई आणि तितकाच खाली येई. जाण्यास पाव सेकंद, उत्तर येण्यास पाव सेकंद. “ऐकतोस ना?” म्हणून आई थांबे, उत्तर येत नाही म्हणून पुन्हा विचारी, आणि नेमके त्याच वेळी मुलाचे “हो” येऊन आदळे. पुष्कळ घरांत याचा अर्थ मुलगा बोलावयास कचरतो असा घेतला गेला असेल. आज बोलणे बहुधा समुद्रतळीच्या काचतंतूंतून जाते. काचेत प्रकाश सुमारे दोन लाखांच्या वेगाने, म्हणजे मंदच चालतो, पण वाट पुष्कळ आखूड.

वेग आणखी अचूक मोजता येईल काय? १९८३ पासून तो प्रश्नच उरला नाही. निर्वातातील वेग सेकंदास २९,९७,९२,४५८ मीटर असा ठरवूनच टाकला आहे. आता मीटरच त्यावरून मोजतात.

आता ती धास्तीची चिठ्ठी. “हा वेग आपल्या वेदांत सांगितलेला आहे, हे खरे काय?” चौदाव्या शतकातील सायणाचार्यांच्या ऋग्वेदभाष्यात, सूर्य अर्ध्या निमिषात २२०२ योजने आक्रमितो, अशा अर्थाचे वचन आहे. वचन सूर्याच्या गतीविषयीचे आहे. त्यातून प्रकाशवेग निघतो असे पुष्कळ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी, गणेशोत्सवाच्या व्यासपीठावरून आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितले होते. टाळ्या झाल्या. मग पुढच्या रांगेतला एक मुलगा उठून म्हणाला, “योजन म्हणजे किती?” आम्ही एक आकडा ठोकून दिला आणि पाणी मागविले.

तो मुलगा आता पन्नाशीत असेल. त्याचे देणे राहिले आहे. आर्यभटाने पृथ्वीचा व्यास १०५० योजने धरला, म्हणजे योजन सुमारे बारा किलोमीटरांचे. सूर्यसिद्धान्तात तो १६०० योजने, म्हणजे योजन आठ किलोमीटरांचे. निमिष पंचाहत्तरांश सेकंदांचे सोळा भाग धरले, तर पहिल्या योजनाने वेग येतो अडीच लाख किलोमीटर, दुसऱ्याने एक लाख पासष्ट हजारांच्या आसपास. निमिषाचेही माप सर्वत्र एक नाही. तीन लाख हवे असतील तर साडेचौदा किलोमीटरांचे योजन आधी पसंत करावे लागते, आणि त्या दिवशी ते आम्ही उत्तर पाहूनच पसंत केले होते.