‘जगायला’ गेलेली माणसे



१५७९ साली इंग्लंडचे फादर स्टीफन्स गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. मला मात्र मोखाड्यात एक शब्द कळायला चार महिने लागले.

मी आलो पावसाळ्यात. कधीच न वाळणारे कपडे, कोरा चहा, नागलीची भाकरी, सगळ्याची सवय झाली. मला भाकरी थापता येईना म्हणून आयाबाया हसायच्या. दिवाळीत तारपा वाजला. मीही फेरात नाचलो, पाय चुकले, पुन्हा हशा.

मग एका सकाळी पाड्यावर गेलो, तर दारे बंद. ओट्यावरच्या आजीला विचारले, “सगळे कुठे गेले?”

“जगायला गेली.”

म्हणजे वीटभट्टीवर, भिवंडी-वसईकडे. पोरांसकट. येणार ती पावसाच्या तोंडावर.

घर सोडून आल्याचा मला थोडा अभिमान होता, तो तिथेच गळला. मी माझ्या मर्जीने घर सोडले; त्यांना पोटासाठी सोडावे लागते.

म्हणून आता दिवाळीआधीच आम्ही घरोघर विचारतो, “पोरांना शाळेसाठी मागे ठेवाल का? आम्ही सांभाळू.” त्या मुलांच्या ताटात तुमचाही एक घास असू द्या.