क्लेम मंजूर, पार्ट नामंजूर



बीड जिल्ह्यातल्या माणसाला विमा हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पावसाने ओढ दिली की गावोगावच्या पारावर पिकविम्याचाच विषय निघतो. २०२० साली आपल्याच जिल्ह्यात पिकविम्याची वेगळी पद्धत राबवली गेली आणि ‘बीड पॅटर्न’ या नावाने ती राज्यभर गाजली. कंपनीने किती कमवायचे आणि किती सोसायचे, याला त्या पद्धतीने मर्यादा घातली. पिकाच्या विम्यासाठी आपण कृषी कार्यालयात जातो, कागद मागतो, मोर्चे काढतो. गाडीचा विमा मात्र पासिंगला लागतो म्हणून काढतो आणि पोलिसांनी अडवले तर दाखवायला डिकीत ठेवून देतो. ती पॉलिसी पहिल्यांदा उघडून वाचली जाते, तेव्हा गाडी गॅरेजमध्ये खोललेली असते. आज मी बोलणार आहे ते याच वेळेबद्दल.

सुरुवात स्वतःच्या अनुभवाने करतो. काही वर्षांपूर्वी मांजरसुंब्याच्या पुढे रात्री माझ्या कारसमोर रानडुक्कर आडवे आले. आम्हाला कोणाला लागले नाही, पण गाडीचे तोंड फुटले. गाडी तेव्हा साडेतीन वर्षांची होती. विमा होता, सर्व्हेअर आले, फोटो काढून गेले. दोन दिवसांनी गॅरेजवाल्याचा फोन आला, “सर, क्लेम मंजूर आहे. पण बंपरचे निम्मेच पैसे मिळतील, बॉनेटचे थोडे कमी मिळतील आणि रेडिएटर नामंजूर केलाय. तो आधीपासूनच गळत होता म्हणतात.”

मला संताप आला. हप्ता वेळेवर भरला होता, एकदाही क्लेम घेतला नव्हता. पॉलिसीचे सगळे कागद काढून वाचायला बसलो. तेव्हा लक्षात आले की माझा निम्मा संताप चुकीचा होता आणि निम्मा अगदी बरोबर होता. आपल्या क्लेमवर दोन कात्र्या चालतात. एक नियमाची आणि दुसरी मताची. पहिली कात्री आधीच ठरलेली असते, तिच्याशी भांडून काही मिळत नाही. दुसरी कात्री माणसाच्या हातात असते. तिला प्रश्न विचारता येतो आणि विचारलाच पाहिजे.

आधी नियमाची कात्री समजून घेऊ. जुन्या पार्टच्या जागी नवा बसवला की गाडीची किंमत थोडी वाढते, म्हणून वापराची घट मालकाने सोसावी, असा हा हिशेब आहे. त्याला घसारा म्हणतात. नेहमीच्या पॉलिसीत रबर, नायलॉन आणि प्लास्टिकचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर सरसकट पन्नास टक्के घसारा लागतो, गाडी शोरूममधून कालच आणलेली असली तरी. फायबरच्या भागांवर तीस टक्के. काचेवर काहीच नाही, काचेचे पूर्ण पैसे मिळतात. पत्र्याच्या आणि लोखंडी भागांचा घसारा गाडीच्या वयावर ठरतो. पहिले सहा महिने काही नाही, वर्षापर्यंत पाच टक्के, दोन वर्षांपर्यंत दहा, तीनपर्यंत पंधरा, चारपर्यंत पंचवीस, पाचपर्यंत पस्तीस, दहापर्यंत चाळीस आणि त्यानंतर पन्नास.

एक हिशेब मांडतो. कार माझ्या गाडीएवढीच जुनी धरा. प्लास्टिकचा बंपर सहा हजारांचा, त्याचे तीन हजार मिळतील. बॉनेट आठ हजारांचे, त्यातून पंचवीस टक्के गेले, सहा हजार मिळतील. समोरची काच सहा हजारांची, तिचे सहाही हजार मिळतील. रंगकामाचे बिल आठ हजार. एकत्र बिलात रंगाच्या मालाची किंमत चौथा हिस्सा, म्हणजे दोन हजार धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणून सात हजार मिळतील. बिल झाले अठ्ठावीस हजारांचे, हिशेब आला बावीस हजारांवर. त्यातून दीड हजार सीसीपर्यंतच्या कारसाठी एक हजार रुपये मालकाने सोसायचे असतात, मोठ्या इंजिनाला दोन हजार. म्हणजे हातात एकवीस हजार. वरचे सात हजार आपले. यात कोणी फसवलेले नाही. यातला घसारा टाळायचा तर विमा काढतानाच जादा हप्ता भरून ‘झिरो डेप्रिसिएशन’ घ्यावे लागते. तेही गाडी ठरावीक वयाची होईपर्यंतच मिळते आणि वर्षात किती क्लेम चालतील याला बहुधा मर्यादा असते. अपघात झाल्यावर ते विकत घेता येत नाही.

ट्रक, टेम्पो आणि ट्रॅक्टरवाल्या मित्रांनी आता नीट ऐकावे. दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी हजारो वाहने पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. या वाहनांपैकी धंद्याची म्हणून विमा काढलेल्या गाड्यांच्या साध्या पॉलिसीत दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेटच्या बाजूचे भाग, बंपर आणि रंगकाम हे धरलेलेच नसते. समोरासमोर धडक झाली तर सगळ्यात आधी फुटतात तेच भाग पॉलिसीबाहेर! ते आत घ्यायचे असतील तर ‘आयएमटी २३’ नावाची जोडणी जादा हप्ता भरून घ्यावी लागते, आणि ती घेतल्यावरही त्या भागांच्या मंजूर नुकसानीतला निम्मा वाटा मालकाचा असतो. आपली पॉलिसी उघडून २३ हा आकडा आहे का ते आजच पाहा. नसेल तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी एजंटला नाव घेऊन सांगा.

आता मताची कात्री. एखादा भाग बदलायचा की दुरुस्त करायचा? फुटला तो या अपघातात की आधीचाच? लावलेली किंमत वाजवी आहे का? ही तिन्ही उत्तरे कोणत्याही तक्त्यात छापलेली नसतात. सर्व्हेअर आपल्या नजरेने ती ठरवतात. पॉलिसीत भाषा अशी असते की दुरुस्ती करायची, पार्ट बदलायचा की रोख रक्कम द्यायची, हे कंपनी आपल्या मर्जीने ठरवू शकते. पण त्याच पॉलिसीत हेही लिहिलेले असते की दुरुस्तीचा आणि बदलाचा प्रत्यक्ष आणि वाजवी खर्च, घसारा वजा करून, कंपनी देईल. वाद घालायचा तो या ‘प्रत्यक्ष आणि वाजवी’ या शब्दांवर. हेडलाइटची पट्टी तुटली तर ती जोडून दिवा वर्षभर टिकेल का? वाकलेला चेसिसचा भाग सरळ केला तर गाडी पुन्हा रस्त्यावर सरळ चालेल का? हे तुमचा फिटर लेखी सांगू शकला, तर त्याच्या सांगण्याला वजन येते. तोंडी सांगण्याला येत नाही.

माझ्या रेडिएटरचे पुढे काय झाले ते सांगतो. अपघाताच्या जागीच मुलाने मोबाइलवर फोटो काढले होते. एका फोटोत गाडीखाली डांबरावर पसरलेले हिरवे कूलंट दिसत होते आणि शेजारी बंपरचे तुकडे. रेडिएटर आधीपासून गळत असता तर एवढे कूलंट त्या जागी एकदम सांडले नसते. तो फोटो, फिटरची चार ओळींची चिठ्ठी आणि माझा अर्ज, एवढेच कंपनीला पाठवले. पुन्हा पाहणी झाली आणि रेडिएटर मंजूर झाला, घसारा वजा करून. त्या एका फोटोने केले ते माझ्या दहा फोनने झाले नव्हते.

त्याच रात्री मी आणखी एक गोष्ट अजाणता बरोबर केली. गाडी पुढे चालवली नाही. श्रोतेहो, अपघातानंतर दुरुस्तीआधी गाडी चालवली आणि नुकसान वाढले, तर ते वाढलेले नुकसान पूर्णपणे मालकाच्या जबाबदारीवर असते, अशी अट पॉलिसीत आहे. धारूरच्या घाटात रेडिएटरला मार बसला, ‘चार किलोमीटर तर जायचंय’ म्हणून गाडी तशीच रेटली आणि इंजिन जाम झाले, तर रेडिएटर मिळेल, इंजिन मिळणार नाही. गाडी टोचन करून न्या. टोचनचे पैसेही पॉलिसीत धरलेले असतात, कारसाठी मूळ पॉलिसीत ते दीड हजार रुपयांपर्यंत आहेत. बीडहून छत्रपती संभाजीनगर सुमारे सव्वाशे किलोमीटर. तिथवर टोचन न्यायचे तर दीड हजारात भागत नाही. म्हणून आधी कंपनीला कळवा, जवळचे कोणते गॅरेज चालेल ते विचारा आणि मगच गाडी हलवा.

ओरिजिनल पार्ट आणि लोकल पार्ट हा वाद तर जगभरचा आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात स्टेट फार्म या मोठ्या विमा कंपनीवर ग्राहकांनी खटला भरला होता. दुरुस्तीत गाडीच्या कंपनीचे नव्हे, दुसऱ्यांनी बनवलेले स्वस्त भाग लावायला लावले, ही तक्रार होती. १९९९ साली तिथल्या न्यायालयाने एक अब्ज डॉलरहून मोठी रक्कम देण्याचा निकाल दिला आणि २००५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. आपल्याकडे दुखणे दुसऱ्या टोकाला होते. ओरिजिनल पार्ट फक्त कंपनीच्या अधिकृत डीलरकडेच मिळायचा, चौकातल्या स्वतंत्र गॅरेजला मिळायचा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला, तो याच कारणासाठी. पुढे त्यावर अपिले झाली, पण गाडी विकणाऱ्याने सुटे भाग कोंडून ठेवू नयेत हे तत्त्व त्या आदेशाने मांडले. तुमच्यापुरते एवढे करा. गाडीत कोणता पार्ट बसवला ते बिलावर नावानिशी आणि पार्ट नंबरसह लिहून घ्या. बिलात ओरिजिनलची किंमत आणि गाडीत लोकल पार्ट असे झाले, तर फसवणूक तुमचीही होते आणि कंपनीचीही.

सर्व्हेअरने नाही म्हटले म्हणजे दार बंद झाले, असे मात्र मुळीच समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध प्रदीपकुमार या वाहनाच्याच प्रकरणात सांगितले की सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो शेवटचा शब्द नाही. त्याआधी कर्नाटकातल्या बी. व्ही. नागराजू यांच्या मालवाहू गाडीचा दावा कंपनीने नाकारला होता. सहा माणसांची परवानगी असताना गाडीत नऊ माणसे होती, हे कारण दिले होते. जादा माणसांमुळे अपघात झाला नव्हता, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मालकाला भरपाई दिली. याचा अर्थ मालगाडीत माणसे भरावीत असा कोणी काढू नये. त्या प्रवासात जीव जातात आणि त्याची भरपाई कोणी देऊ शकत नाही. अर्थ एवढाच की नकाराचे कारण आणि झालेले नुकसान यांचा खरा संबंध आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

मग करायचे काय? सर्व्हेच्या वेळी स्वतः हजर राहा. गॅरेजवाल्यावर सोपवू नका, कारण विम्याचा करार तुमचा आहे, त्याचा नाही. गाडी पूर्ण खोलल्यावर आत आणखी भाग तुटलेला दिसला, तर तो बदलण्याआधी सर्व्हेअरला पुन्हा बोलवा. जुने तुटलेले पार्ट निकाल लागेपर्यंत भंगारात देऊ नका. सर्व्हे अहवालाची प्रत आणि कोणता भाग का नाकारला याचे लेखी कारण मागा. ते पटले नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला अर्ज करा आणि पोच घ्या. महिन्याभरात उत्तर आले नाही, किंवा आले आणि पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईला असले तरी तुमची तक्रार बीडच्या जिल्हा आयोगात चालते. भरलेला हप्ता पाच लाखांच्या आत असेल तर तिथेही फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे, ती मात्र चुकवू नका.

आपल्या भागात कर्ज काढून घेतलेली गाडी ही घराची दुसरी शेती असते. मुकादमाची उचल, बँकेचा हप्ता, मुलांची फी हे सगळे तिच्या चाकांवर चालते. ती पंधरा दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली की घरातला हिशेब कोलमडतो आणि त्याच घाईत माणूस ‘जे देताय ते द्या’ म्हणून सही करून मोकळा होतो. ती सही घाईत करू नका. सही करण्याआधी नियमाने किती कापले आणि मताने किती कापले, हे वेगवेगळे लिहून मागा. नियमाने कापले असेल ते मान्य करा. मताने कापले असेल त्याचे कारण विचारा.

आज घरी गेलात की डिकीतली पॉलिसी बाहेर काढा आणि घरातल्या शिकत्या मुलाकडून किंवा मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. अर्ध्या तासाचे काम आहे. गाडी धडधाकट उभी आहे तोवरच ते करा.