सिमेंटमधील माणसे

(कलाविद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिल्पकार म्हटला की चौकातील पुतळे डोळ्यांसमोर उभे राहतात. विनायक पांडुरंग करमरकर यांची कीर्तीही अशाच एका पुतळ्याने दृढ झाली. पुण्यातील त्यांच्या शिवछत्रपतींच्या भव्य अश्वारूढ ब्राँझ पुतळ्याचे अनावरण १९२८ साली झाले. परंतु आज मला सांगावयाचे आहे ते त्यांनी घडविलेल्या सामान्य माणसांविषयी.

करमरकरांचा जन्म १८९१ साली अलिबागजवळील सासवणे या समुद्रकाठच्या गावी झाला. गावच्या राममंदिराच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिले. त्यांच्या साहाय्याने हा खेड्यातील मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे कलकत्त्यास व्यवसाय, लंडन येथे अधिक अभ्यास आणि नंतर थोरामोठ्यांच्या पुतळ्यांची कामे, असा हा प्रवास आहे.

मागणीवरून केलेल्या पुतळ्यात साधर्म्य तर हवेच, शिवाय पदाचा रुबाबही सांभाळावा लागतो. कोळणीचा पुतळा कोण मागणार? आणि मागणीवाचून ब्राँझचा खर्च कोण सोसणार? करमरकरांनी साधे सिमेंट हाती घेतले. मातीत घडविलेल्या आकृतीचा साचा काढून त्यात सिमेंट ओतावयाचे. हे माध्यम स्वस्त खरे, पण हलक्या हाताचे काम त्यात खपत नाही. मातीत राहिलेली चूक सिमेंटमध्ये कायम होते. त्यांची कोळीण पाहताना माध्यमाचा विसर पडतो. समोर उरते ते माणूस.

मित्रहो, १९६७ साली करमरकर निवर्तले. सासवण्याच्या त्यांच्या घरातच त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय झाले आहे. ब्राँझच्या राजपुरुषांची काळजी समाज घेतो. सिमेंटमधील श्रमिकांचे काय? खारी हवा सिमेंटच्या आतील लोखंडास गंज चढविते, गंजलेले लोखंड फुगते आणि शिल्पास तडे जातात. म्हणून अशा शिल्पांचे जतन हेही शिल्पकलेच्या शिक्षणाचेच अंग मानले पाहिजे.

तेव्हा माझी एकच विनंती आहे. एकदा सासवण्यास जा, त्या शिल्पांपुढे बसून रेखाटने करा आणि परतल्यावर आपल्या गल्लीतील माणसाकडे तितक्याच आदराने पाहा.