विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ

(मंडळाच्या सभासद-बैठकीत केलेले भाषण)



यंदाचं बालनाट्य ‘विक्रम आणि वेताळ’ ठरलं आणि लगेच दोन तट पडले. मागे एलईडीची भिंत भाड्याने घ्यायची की रंगवलेल्या पडद्यावर भागवायचं? खात्यात माझं आयुष्य एस्टिमेटं करण्यात चाललंय, म्हणून मला बोलायला उभं केलं असावं. पण मी त्या जुन्या मालिकेबद्दलच बोलणार आहे.

१९८५ साली दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ आली. अरुण गोविल विक्रम, सज्जन वेताळ. दीपिका, सुनील लहरी, दारासिंग, अरविंद त्रिवेदी ही १९८७च्या ‘रामायणा’तली मंडळी आधी इथे दिसली. एका भागाला लाखभर रुपयेही खर्च होत नव्हते, असं सांगतात. ते दिसतंही. वेताळ उडतो तेव्हा कॅमेऱ्याची चलाखी लहान मुलालाही कळावी. राजाच्या कमरेला तलवार आहे, पण ती चालवण्यापेक्षा त्याचा जास्त वेळ ओझं वाहण्यात जातो.

तरीही आमच्या पिढीची मुलं रविवारी खेळ टाकून घरात यायची. का?

माझ्या मते खरी जादू मूळ रचनेतच आहे, आणि तिला पैसा लागत नाही. राजाने मुकाट्याने प्रेत न्यायचं. वेताळ गोष्ट सांगणार, शेवटी प्रश्न विचारणार. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मी परत झाडावर. (सरकारी नोकरीतल्यांना हा पेच समजावून सांगायला नको.) राजा प्रत्येक वेळी न्यायाचं बोलतो आणि प्रत्येक वेळी मागे फिरतो. प्रश्न आला की घरातले सगळे पडद्याकडे न बघता एकमेकांकडे बघायचे. सज्जन यांचं ते हसू ऐकू येईपर्यंत आमच्याकडे आजीचा निकालही लागलेला असायचा.

पंचविशीतलाच एक प्रश्न घ्या. मंदारवतीला तिघांनी मागणी घातलेली. ती वारते. एक तिच्या राखेवरच झोपतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा भटकता भटकता संजीवनीचा मंत्र मिळवतो. ती जिवंत होते. आता ती कोणाची? राजा म्हणतो, जीव देणारा तो बाप, अस्थी नेणारा तो मुलगा, राखेला कवटाळून राहिला तो नवरा. पटतं का? आमच्या घरी नव्हतं पटलं. आजी मंत्रवाल्याच्या बाजूची होती.

आता आपण इंदूरकर, म्हणून थोडं आडवळण. विक्रम म्हणजे उज्जैनचा, हे आपण गृहीत धरतो, शेजारचाच तो. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, त्यातल्या वेताळकथांचा राजा त्रिविक्रमसेन आहे, आणि तो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा. म्हणजे आपल्या पैठणचा! आपले पूर्वज दख्खनेतून माळव्यात आले, तसा हा राजाही आला म्हणायचा. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. आपल्या मुलांना मात्र तो ‘बेताल’ म्हणूनच माहीत. नाटक मराठीत करताय, तेव्हा निदान ‘वेताळ’ एवढं तरी त्यांच्या तोंडी बसवा.

सोमदेवाकडे शेवट फार सुरेख आहे. बाप मुलीशी लग्न करतो, मुलगा तिच्या आईशी. त्यांच्या मुलांचं आपसातलं नातं काय? राजाला खरंच सुचत नाही. तो गप्प चालत राहतो. वेताळ खूश होतो आणि ज्या साधूसाठी राजा एवढा राबतोय, तो त्याचाच बळी देणार असल्याचं सांगून टाकतो. इतक्या उत्तरांनी जे जमलं नाही, ते न येणाऱ्या एका उत्तराने झालं. हा प्रसंग कितीही मोठ्या भिंतीवर दाखवलात तरी त्यात भर पडणार नाही. तिथे विक्रम झालेल्या पोराला अर्धा मिनिट न बोलता चालता आलं पाहिजे. त्याची तालीम आजपासून धरा.

भिंतीचं भाडं वाचवा, त्यातून माइक चांगले घ्या. गेल्या वर्षी तिसऱ्या रांगेच्या मागे काही ऐकू येत नव्हतं. प्रत्येक प्रश्नानंतर दिवे प्रेक्षकांवर टाका आणि त्यांना भांडू द्या. आणि एक, वेताळ विक्रमापेक्षा वजनाने हलका निवडा. पाच गोष्टी म्हणजे पाच फेऱ्या आहेत.