नोंदीत राहून गेलेली पदके

सैन्यातून मुक्त होणाऱ्या अमेरिकन सैनिकाच्या हाती जाता जाता एक कागद पडतो. १९५० सालापासून त्यास ‘डीडी २१४’ असे म्हणतात. सैनिक केव्हा भरती झाला, कोणत्या हुद्द्यापर्यंत चढला, कोठे कोठे गेला आणि कोणत्या रीतीने मुक्त झाला, हे सारे त्यावर टंकलिखित केलेले असते. आणि एका रकान्यात त्याला मिळालेल्या पदकांची यादी असते. बेळगावसारख्या गावी, जेथे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे आणि ज्याच्या आसपासच्या खेड्यांत निवृत्त जवानांची कितीतरी घरे आहेत, तेथे अशा कागदाचे महत्त्व कोणास समजावून सांगावयास नको. पलटणीतून मिळालेले डिस्चार्ज बुक हे त्या घरांत जमिनीच्या उताऱ्याइतकेच जपले जाते.

परंतु त्या रकान्यात जे लिहावयाचे राहून गेले, त्याचे काय? अंगावर जखमेचा व्रण आहे, पण जखमी सैनिकाला मिळणाऱ्या ‘पर्पल हार्ट’चा कागदावर उल्लेख नाही, असे सैनिक अमेरिकेत थोडेथोडके नाहीत. याला कोणी मानपानाचा हट्ट म्हणेल, तर ते योग्य होणार नाही. पर्पल हार्टची नोंद असेल, तर माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत उपचारासाठी वरचा अग्रक्रम मिळतो. सरकारी खर्चाने बसविल्या जाणाऱ्या थडग्याच्या शिळेवर शौर्यपदकाचे नाव कोरून घ्यावयाचे, तरी आधी कागदाचा पुरावा लागतो. सरकारच्या लेखी, जे दप्तरात नाही ते घडलेच नाही.

पदके गळतात कशी, हे पाहू गेल्यास नेहमीच कोणाचा दुष्टावा आढळतो असे नाही. दुसरे महायुद्ध संपताच लक्षावधी सैनिक घरी जाण्यासाठी रांगा लावून उभे राहिले, आणि कारकुनांनी हाताशी असलेल्या कागदांवरून फॉर्म भरून दिले. युद्धकाळात धातूची टंचाई असल्यामुळे मोहिमांची पदके पाडलीच गेली नव्हती. सैनिकाला केवळ रंगीत फीत मिळे. युरोप-आफ्रिका-मध्यपूर्व मोहिमेचे पहिले पदक जनरल आयझेनहॉवर यांना देण्यात आले, तेच मुळी १९४७ साली. त्याच वर्षी असाही निर्णय झाला की, महायुद्धात प्रत्यक्ष लढाईबद्दलचा पायदळाचा किंवा वैद्यकीय पथकाचा बिल्ला ज्यांनी मिळविला, ते ‘ब्रॉन्झ स्टार’ या पदकास पात्र समजावेत. तोवर यांतील बहुसंख्य सैनिक शेतावर, कारखान्यात, दुकानात परतले होते. आपण एका पदकाचे धनी झालो आहोत, हे त्यांतील कित्येकांना आयुष्यभर कळले नाही. कोरियाच्या युद्धाची कथा याहून लांबलेली आहे. दक्षिण कोरियाच्या सरकारने १९५१ साली देऊ केलेले पदक धारण करण्यास अमेरिकेने मान्यता दिली ती १९९९ साली. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांत विशीतले जवान सत्तरीच्या घरात पोहोचले होते.

अशा सैनिकाने किंवा त्याच्या पश्चात त्याच्या वारसाने सेंट लुईस येथील राष्ट्रीय दप्तरखान्याकडे अर्ज करावा. तेथे मूळ कागद तपासले जातात आणि हक्क सिद्ध झाला तर पदके धाडण्याची व्यवस्था होते. मुक्ततापत्रात दुरुस्ती करावयाची ती साधारणतः ‘डीडी २१५’ या पुरवणीपत्रकाने. रीत सोपी आहे. अडचण आहे ती मूळ कागदांची.

१२ जुलै १९७३ रोजी, मध्यरात्र नुकतीच उलटली असता, या दप्तरखान्याच्या सहाव्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्याला आग लागली. दप्तरखान्यात पाण्याचे फवारे बसवावेत की नाही, याविषयी इमारत बांधली गेली त्या काळी जाणत्यांतच मतभेद होते; त्या मजल्यावर ते नव्हते. आग पुरती विझण्यास चार दिवसांहून अधिक काळ लागला, आणि ज्या पाण्याचे भय बाळगले होते तेच पाणी अखेर बंबांनी दिवसरात्र ओतावे लागले. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख सैनिकांची दप्तरे नष्ट झाली. १९१२ च्या नोव्हेंबरपासून १९५९ च्या अखेरपर्यंत सेवामुक्त झालेल्या भूदलातील माणसांची सुमारे ऐंशी टक्के दप्तरे त्यांत गेली. वायुदलाचीही फार मोठी हानी झाली. कोणत्याही कागदाची दुसरी प्रत नव्हती, छायाफीत नव्हती, एवढेच काय, जळाले ते काय जळाले याची सूचीदेखील नव्हती.

उरलेसुरले ओले कागद प्लास्टिकच्या दुधाच्या क्रेटांत भरून, अंतराळयानांच्या चाचणीसाठी बांधलेल्या निर्वात कोठडीत वाळविण्यात आले. कडा जळून काळ्या पडलेली अशी सुमारे पासष्ट लाख दप्तरे वाचली. ज्यांचे काहीच उरले नाही त्यांच्यासाठी इतर कचेऱ्यांतून दुय्यम पुरावे गोळा करण्याचे काम सुरू झाले. त्यांत अखेरच्या पगाराच्या पावत्या मोठ्या उपयोगी पडल्या. जो मनुष्य शत्रूच्या गोळीबारात उभा राहिला, त्याच्या सेवेची साक्ष शेवटी खजिनदाराच्या पावतीने द्यावी, हा योग काहीसा विचित्र खरा. पण हिशेबाचे कागद राखण्यात कोणतेही सरकार हयगय करीत नाही, हेही तितकेच खरे.

येथवर झाला तो मिळालेल्या, परंतु न लिहिल्या गेलेल्या पदकांचा विचार. जे मिळावयास हवे होते पण दिलेच गेले नाही, त्या पदकाचा मार्ग याहून बिकट आहे. लष्करी नोंदींतील अन्याय दूर करण्यासाठी पूर्वी अमेरिकन काँग्रेसला एकेका माणसापुरते स्वतंत्र विधेयक संमत करावे लागे. त्या कामाचा बोजा असह्य झाला, तेव्हा १९४६ च्या कायद्याने अभिलेख-दुरुस्ती मंडळे निर्माण झाली. त्यांवर मुलकी अधिकारी बसतात. चूक उमगल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा असा दंडक आहे. न्यायासाठी आवश्यक वाटल्यास मंडळ तो शिथिल करते. मात्र सरकारी कामकाज यथायोग्य झाले होते, असेच मंडळ धरून चालते, आणि ते तसे झाले नव्हते हे दाखविण्याचा भार अर्जदारावर असतो. ज्याचे कागद सरकारच्याच इमारतीत जळाले, त्या वृद्धाने पुरावा कोठून आणावा, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. १९९६ पासून काँग्रेसच्या सदस्यामार्फत मुदत उलटून गेलेल्या शिफारशींचाही गुणावगुणांवर विचार होऊ शकतो. तरी हयात साक्षीदार सापडणे वर्षागणिक दुर्घट होत जाते.

आणि काही वेळा कागद जळालेला नसतो. तो मुद्दामच एका बाजूस ठेवलेला असतो. एडवर्ड कार्टर यांचे प्रकरण या जातीचे आहे. त्यांचे वडील कृष्णवर्णीय धर्मोपदेशक, आई कलकत्त्याची. बालपण कलकत्ता व शांघाय येथे गेले. तरुणपणी ते स्पेनच्या यादवी युद्धात फॅसिस्टांविरुद्ध लढले. २३ मार्च १९४५ रोजी जर्मनीत स्पायर गावाजवळ, पाच जखमा अंगावर असताना त्यांनी सहा शत्रुसैनिक ठार केले आणि दोघांना कैद करून, त्यांच्याच आडोशाने ते आपल्या लोकांत परत आले. या पराक्रमाबद्दल दुसऱ्या क्रमांकाचे शौर्यपदक मिळाले. त्या महायुद्धात सर्वोच्च असे ‘मेडल ऑफ ऑनर’ एकाही कृष्णवर्णीय सैनिकाला देण्यात आले नव्हते. कार्टर यांच्यावर तर स्पेनमधील लढाईमुळे लष्कराच्या हेरखात्याची पाळत होती. १९४९ साली त्यांना पुन्हा भरती होऊ दिले नाही आणि कारणही सांगितले नाही. १९६३ साली ते वारले.

पुढे लष्कराने एका विद्यापीठाकडून चौकशी करविली, आणि १३ जानेवारी १९९७ रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी सात कृष्णवर्णीय सैनिकांना ते पदक अर्पण केले. सातांपैकी व्हर्नन बेकर हे एकटेच हयात होते. कार्टर यांचे पदक त्यांच्या मुलाने स्वीकारले. पण मुलगा व सून यांचे समाधान तेवढ्याने झाले नाही. सर्वोच्च पदक मिळाले, तरी दप्तरातील संशय तसाच होता. सुनेने चिकाटीने गुप्त कागद मिळविले. संशयास आधार असे काही त्यांत निघाले नाही. १९९९ साली लष्कराने क्षमा मागितली आणि दुरुस्त केलेले दप्तर कुटुंबाच्या हवाली केले. सोबत राहून गेलेली तीन पदके होती. त्यांतील दोन मोहिमेची व जर्मनीतील ताब्याच्या काळाची, कोणाही सामान्य शिपायास मिळणारी. तिसरे होते सद्वर्तनाचे.