स्वस्त पिस्तूल : भरवसा किती आणि घ्यावे काय?



विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. कल्याणकारी संस्थेच्या व्यासपीठावर पिस्तुलाची चर्चा कशाला? परंतु हा विषय वाटतो तितका परका राहिलेला नाही. आपल्या ओळखीच्या अनेक घरांतील मुले-मुली आज शिक्षणासाठी व नोकरीसाठी अमेरिकेत आहेत. तेथे पिस्तूल दुकानात मिळते, त्याच्या जाहिराती होतात आणि दोनशे डॉलरच्या आसपास नवे कोरे पिस्तूल हाती पडते. साहजिकच प्रश्न येतो की, एवढ्या पैशांत मिळणारी ही वस्तू वेळेला कामाला येईल काय? प्रश्न व्यवहाराचा आहे, तेव्हा त्याचे उत्तरही व्यवहारानेच शोधू या.

प्रथम ‘भरवसा’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले पाहिजेत. चाप ओढला की गोळी सुटलीच पाहिजे, हा पहिला अर्थ. चाप ओढला नाही तर गोळी कदापि सुटता कामा नये, हा दुसरा. गिऱ्हाईक बहुधा पहिलाच अर्थ मनात धरून चौकशी करते. माझ्या मते खरी परीक्षा दुसऱ्या अर्थाची आहे.

आता पिस्तूल स्वस्त कसे होते ते पाहू. गोळी सुटली की पिस्तुलाचा वरचा जड भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, तो मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढे येताना मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत सारतो. हे सारे डोळ्याचे पाते लवायच्या आत घडते. नऊ मिलिमीटरसारख्या जोरदार काडतुसाच्या चांगल्या पिस्तुलात गोळी बाहेर पडेपर्यंत नळी व स्लाइड एकमेकांत अडकून राहतात. ही रचना घडवायला बारीक यंत्रकाम लागते. स्वस्त पिस्तुलात ती गाळून स्लाइडचे वजन आणि स्प्रिंग यांवरच काम भागवतात. शिवाय नळी पोलादाची ठेवून बाकीचा बराचसा भाग जस्ताच्या मिश्रधातूचा, साच्यात ओतून करतात. हा धातू चारशे अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो. म्हणूनच इलिनॉय, साउथ कॅरोलायना अशा काही राज्यांनी ८०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ४२७ अंश सेल्सिअसच्या, खाली वितळणाऱ्या धातूच्या पिस्तुलांवर कायद्याने बंधन घातले.

या धंद्याचा इतिहासही उद्बोधक आहे. १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या. त्याच वर्षी अमेरिकेने शस्त्रनियंत्रणाचा कायदा केला आणि परदेशातून येणाऱ्या लहान, स्वस्त पिस्तुलांची वाट अडवली. परंतु तशीच पिस्तुले देशात बनवण्यास मनाई केली नाही. झाले! १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरात रेव्हन आर्म्स ही कंपनी उभी राहिली. मागोमाग जेनिंग्ज, डेव्हिस, ब्रायको, लॉर्सिन अशा कंपन्या आल्या. गॅरेन विंटेम्यूट या डॉक्टर-संशोधकांनी १९९४ मध्ये या कारखान्यांवर अहवाल लिहिला आणि त्यांना ‘रिंग ऑफ फायर’ म्हणजे अग्निकंकण असे नाव दिले. १९९२ च्या सुमारास अमेरिकेत बनणाऱ्या पिस्तूल-रिव्हॉल्व्हरांपैकी जवळजवळ एक तृतीयांश माल याच मूठभर कंपन्यांचा होता.

या मालाचा भरवसा कसा होता? काडतूस अडकणे, पुंगळी बाहेर न पडणे, या तक्रारी नेहमीच्या होत्या. त्याहून गंभीर बाब अशी की, रेव्हनसारख्या पिस्तुलात चाप ओढेपर्यंत फायरिंग पिनला रोखून धरणारा स्वतंत्र अडसर नव्हता. भरलेले पिस्तूल हातातून पडले तर आपोआप बार उडण्याचा धोका होता. अडसर हा छोटासा भाग, पण त्याला पैसे पडतात; आणि दुकानात वस्तू हाताळणाऱ्या गिऱ्हाइकाला तो दिसत नाही. काटकसरीची कात्री अशा न दिसणाऱ्या जागीच आधी चालते.

याचे दुःखद उदाहरण १९९४ साली उत्तर कॅलिफोर्नियात घडले. एका घरात ब्रायको कंपनीचे पिस्तूल होते. घरच्या ओळखीचा एक तरुण ते सुरक्षित करावे म्हणून त्यातले काडतूस काढू लागला. परंतु त्या पिस्तुलाची रचना अशी होती की, काडतूस काढण्यासाठी आधी सेफ्टी उघडावी लागे. सेफ्टी उघडली, बार उडाला आणि सात वर्षांच्या मुलाला गोळी लागून तो मानेखाली जन्माचा पंगू झाला. मुलाच्या वकिलांनी न्यायालयात मांडले की, आधीच्या रचनेत सेफ्टी बंद ठेवून काडतूस भरता-काढता येत असे, पण तसे करताना पिस्तूल अडकत असे; कंपनीने अडकण्याचा दोष काढण्याऐवजी सेफ्टीची रचनाच बदलली. म्हणजे पहिल्या अर्थाचा भरवसा सावरण्यासाठी दुसऱ्या अर्थाचा बळी दिला गेला. २००३ मध्ये ज्यूरीने उत्पादक मंडळींवर सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरची जबाबदारी टाकली. कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. २००४ च्या लिलावात त्या मुलाच्या बाजूने ५,०५,००० डॉलरची बोली लागली, ती उरलेली पिस्तुले वितळवून टाकण्यासाठी. कारखान्याच्या जुन्या फोरमनने ५,१०,००० डॉलरची बोली लावून माल घेतला आणि नव्या नावाने धंदा सुरू केला. ती नवी कंपनीही २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. स्वस्त पिस्तूल म्हणजे मोडकेच, असे नाही. ओहायो राज्यातील हाय-पॉइंट कंपनी १९९२ पासून जस्ताच्याच मिश्रधातूची, ओबडधोबड आणि वजनदार पिस्तुले बनवते. दिसायला ती बोजड, पण बरीचशी व्यवस्थित चालतात, आणि बिघडल्यास कंपनी ती आजन्म दुरुस्त करून देते. उलट सिग सॉअर या नामांकित कंपनीच्या पी-३२० या महागड्या पिस्तुलाबाबत, ते पडल्यावर गोळी सुटते अशा चाचण्या पुढे आल्या आणि ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीला मोफत सुधारणा जाहीर करावी लागली. तेव्हा किंमत हा भरवशाचा दाखला नव्हे. दाखला मिळतो तो चाचणीने.

चाचणीचा आदर्श कोणता? १९११ साली अमेरिकी सैन्याने ब्राउनिंग यांचे कोल्ट पिस्तूल स्वीकारण्यापूर्वी त्यातून ६,००० गोळ्या झाडल्या आणि ते अडकले नाही. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २००१ पासून विक्रीसाठी नियम लावला. त्यानुसार पहिल्या २० गोळ्या विनाअडथळा सुटल्या पाहिजेत, ६०० गोळ्यांत सहापेक्षा जास्त वेळा अडथळा येता कामा नये आणि पिस्तूल खाली पाडण्याच्या चाचणीत बार उडता कामा नये. परंतु सबंध देशासाठी असा नियम नाही. १९७२ च्या ग्राहकवस्तू सुरक्षा कायद्यातून बंदुका वगळल्या आहेत. खेळण्यातले पिस्तूल सदोष निघाले तर तेथील सरकारी आयोग ते बाजारातून परत मागवू शकतो. खऱ्या पिस्तुलाच्या बाबतीत त्याला तो अधिकार नाही. म्हणजे चाचणीचा भार शेवटी गिऱ्हाइकावर येतो.

तो भार किती? हिशेब करू. पिस्तुलाचे २०० डॉलर. ते भरवशाचे आहे हे कळायला निदान ३०० गोळ्या झाडून पाहाव्या लागतील. काडतूस पाव डॉलरला धरले तरी ७५ डॉलर झाले. सरावाच्या जागेचे भाडे, शिकवणाऱ्याची फी, मुलांचा हात पोहोचू नये म्हणून कुलपाची लोखंडी पेटी, हे वेगळेच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! आणि जो दोनशेतच भागवू पाहतो तो नेमका हा मसाला टाळतो. तेवढ्याच पैशांत पोलीस खात्याने बदललेले, जुने पण पोलादी रिव्हॉल्व्हर बरे, असे तेथील जाणकार सांगत आले आहेत, त्याचे कारण हेच.

याहून मोठा हिशेब घराचा आहे. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. निराशेच्या एका घटकेत हाताशी आलेले पिस्तूल अडकावे अशीच प्रार्थना घरचे करतील. आणि दुर्दैवाने स्वस्त पिस्तूलही तेव्हा बहुधा चालते.

परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विद्यार्थी व्हिसा किंवा एच-१बी व्हिसावर असलेल्या व्यक्तीने बंदूक बाळगणे हा अमेरिकी कायद्याने १९९८ पासून गुन्हा आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण मित्राच्या सांगण्यावरून त्या वाटेला जाणे म्हणजे शिक्षण, नोकरी आणि व्हिसा सारेच पणाला लावणे होय.

आपल्या देशात तर परवान्यावर स्वस्त पिस्तूल मिळतच नाही. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने महिलांसाठी म्हणून काढलेल्या ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हरची किंमत १,२२,३६० रुपये होती. स्वस्त म्हणून जो मिळतो तो गावठी कट्टा. त्याची ना चाचणी, ना हमी; तो झाडणाऱ्याच्याच हातात फुटू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र नुसते जवळ बाळगले तरी सर्वसाधारणपणे किमान दोन वर्षांची कैद आहे. फोटोसाठी कट्टा हातात घेणाऱ्या तरुणांना हे कोणीतरी वेळीच सांगायला हवे.

तेव्हा माझे उत्तर असे. स्वस्त पिस्तूल कधीकधी चालते, हे खरे. पण ‘कधीकधी’ हा शब्द छत्रीला चालेल, पिस्तुलाला नाही. ज्याला कायद्याने घेण्याचा अधिकार आहे त्याने चाचणी, शिक्षण आणि कुलूप यांचा खर्च आधी मांडावा. तो झेपत नसेल, तर पिस्तूलही झेपणार नाही असे समजावे. वाचलेल्या दोनशे डॉलरांत दाराला भक्कम कडी-कुलूप आणि बाहेर दिवा लागतो. तो दिवा हातातून पडला तर फार तर फुटेल.