पाण्याखालची डोकेदुखी
(रौप्यमहोत्सवी समारंभात परसवाडा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थेच्या कार्याचा गौरव करावा, असा शिरस्ता आहे. तो आमच्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने पाळला. आम्ही पडलो शाळामास्तर. आपल्या परवानगीने एक धडाच सांगतो. विषय आहे समुद्रात बुडी मारताना होणाऱ्या डोकेदुखीचा. परसवाड्यापासून समुद्र शेकडो मैल दूर. मग हा विषय येथे कशाला, असे आपणांस वाटेल. पण आपली मुले आता नोकरीसाठी पुण्यामुंबईस राहतात, सुटीत मालवण-तारकर्लीस जातात आणि पाठीवर हवेची टाकी बांधून सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात उतरतात. यालाच स्कूबा म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात आमचा भाचा असाच गेला. अंगात सर्दी होती. त्याने फोन करून विचारले, "मामू, उतरू का?" आम्ही घरबसल्या सांगितले, "पैसे भरलेस ना? मग सर्दीला काय भितोस!" तो उतरला. चारपाच मीटर खाली जाताच कपाळात कळ आली. लाजेपोटी तो बोलला नाही. वर आला तेव्हा नाकातून रक्त येत होते. अल्लाच्या कृपेने आठपंधरा दिवसांत तो बरा झाला. पण चूक त्याची नव्हती, आमची होती. म्हणून आम्ही डॉक्टरांना विचारून आणि पुस्तके चाळून जे शिकलो, ते आपणांपुढे ठेवतो.

समुद्रात दर दहा मीटर खोलीला वातावरणाएवढा दाब वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो व कोंडलेली हवा निम्म्या जागेत मावते. पाच मीटरवरही दाब दीडपट असतो. आपल्या कपाळाच्या व गालांच्या हाडांत हवेच्या पोकळ्या आहेत. त्यांना सायनस म्हणतात. सर्दीने त्यांची वाट बुजली, की आतला व बाहेरचा दाब सारखा होत नाही. आतील अस्तर सुजते, रक्त येते. नाक मोकळे करणारे औषध घेऊन उतरणेही बरे नव्हे. त्याचा असर पाण्यातच ओसरला, तर वर येताना हवा आत अडकते.

दुसरे कारण फार आढळते. टाकीतली हवा पुरवावी म्हणून नवशिका श्वास रोखून धरतो, किंवा घाबरून भराभर उथळ श्वास घेतो. अंगातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि डोके ठणकू लागते. उपाय सोपा आहे : संथ, खोल व अखंड श्वास. श्वास रोखून वर येणे तर जिवावरचे आहे. फुप्फुसातील हवा वर येताना फुगते व फुप्फुस फाटू शकते; त्याला फार खोल पाणीही लागत नाही.

काही कारणे साधी आहेत. चष्म्याचा पट्टा करकचून आवळणे, तोंडातली नळी दातांनी घट्ट चावणे, मान सतत वर धरणे, थंड पाणी, ऊन, होडी लागणे, पाणी कमी पिणे. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांनी आधी सांगावे.

एक कारण मात्र भयंकर आहे. टाकी भरणाऱ्या यंत्राजवळ इंजिनाचा धूर असेल, तर कार्बन मोनॉक्साइड टाकीत शिरतो. विहिरीत उतरण्यापूर्वी आपले वडीलधारे कंदील सोडून पाहत. ज्योत विझली की कोणी उतरत नसे. या विषारी वायूला वास नाही आणि कंदीलही त्याची खबर देत नाही. म्हणून हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञाने खाणीत कॅनरी पक्षी न्यावा, असे सुचविले. त्याच हॉल्डेनने १९०८ साली पाणबुड्यांनी टप्प्याटप्प्याने वर कसे यावे, याची कोष्टके प्रसिद्ध केली. एकाच टाकीगटातून हवा घेतलेल्या अनेकांचे डोके दुखू लागले, मळमळ झाली, तर हवेवरच संशय घ्यावा.

आणि डोकेदुखीबरोबर हातपाय बधिर झाले, अशक्तपणा आला, बोलणे अडखळले, दिसणे बिघडले किंवा शुद्ध हरपू लागली, तर गोळी घेऊन झोपू नये. रक्तात वा मेंदूत हवेचे बुडबुडे गेल्याची ती खूण असू शकते. ताबडतोब प्राणवायू द्यावा व दाबाची खोली असलेल्या रुग्णालयाची चौकशी करून तेथे न्यावे.

सारांश, सर्दीत उतरू नये, श्वास रोखू नये आणि दुखणे लपवू नये. यांतले तिसरे मुलांच्या हाती नाही, आपल्या हाती आहे. भरलेले पैसे बुडाले तर बुडोत. मुलाने दुरून विचारले, "उतरू का?" तर त्याला भित्रा म्हणू नये, आधी विचारावे, "बाळा, बरे वाटते ना?" आम्ही ते विचारले नाही, म्हणून आज हे बोललो.